सरळ रेष

“रेष चालू आहे ना रे?” डोळे न उघडताच माईंनी विचारले.

“चालू आहे, माई,” पडद्यामागून यंत्रवाला म्हणाला.

खाटेशेजारच्या यंत्रावर हिरवी रेष उड्या मारत होती. तिला नाचवणारे बटण यंत्रवाल्याच्या बोटांत होते. दुपारच्या मालिकेतले हे इस्पितळ. भिंती प्लायवूडच्या, खिडकीबाहेरचे आकाश रंगवलेले. माई इथल्या कुटुंबाची थोरली सासू. कथेने त्यांना बेशुद्ध करून ठेवल्यापासून त्या पडल्या पडल्या पोट भरत होत्या.

बेशुद्ध माणूस कधी मरणार हे त्या नटाला सांगायचे नाही, असा सेटवरचा रिवाज होता. एकाला आधी कळले, तर तो खाटेवरून उठून थेट वकिलाकडे गेला होता. तेव्हापासून रडणाऱ्यांची दृश्ये वेगळी घेत, यंत्राचा आवाज मागाहून जोडत. खबर मिळे ती फक्त यंत्रवाल्याला.

सकाळीच व्यवस्थापकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. “आज सरळ. आणि तोंडाला कुलूप. नाहीतर पुढची खाट तुझी,” असे म्हणून तो हसला होता.

यंत्रवाल्याला काळजी होती ती माईंच्या कामाची नव्हे, त्यांच्या यजमानांची. ते अंथरुणाला खिळलेले, आठवणीची चाळण झालेली. दुपारी मालिका पाहताना “ही उठत का नाही?” म्हणून शेजारणीपाशी रडायचे, आणि संध्याकाळी माई घरी आल्या की विचारायचे, “आता बरं वाटतंय ना गं?”

कॅमेरा सुरू झाला. यंत्रवाल्याने बटण फिरवले. रेष गडगडून आडवी झाली.

“पुन्हा,” दिग्दर्शक म्हणाला. “जरा सावकाश.”

दिवे सरकवले जाऊ लागले. माईंचे ओठ हलले. “मी तर नुसती पडलेय. सावकाश काय करायचं रे?”

यंत्रवाला बोलला नाही. आजवर त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला त्याने उत्तर दिले होते.

“अस्सं,” माई म्हणाल्या. मिटल्या पापण्या थरथरल्या, मग स्थिर झाल्या. “एक कर. हा एपिसोड कधी दाखवणार, ते मला आधी कळव. त्या दुपारी मी ह्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसेन. हात हातात घेऊन.”

“माई, मी सांगणारच होतो, पण...”

“गप रे. तुलाही पोट आहे. कर आता, सावकाश.”

त्याने रेष पुन्हा जिवंत केली. “शांतता!” अशी आरोळी उठली. मग एकेक उडी तो लहान करत गेला. माईंनी श्वास असा आत ओढून धरला, की छातीवरची चादर हलेनाशी झाली. ते पाहून त्याने बटण शेवटपर्यंत फिरवले. रेष सरळ झाली.

“झकास!” दिग्दर्शक ओरडला. सगळा लवाजमा शेजारच्या प्रसूतिगृहाकडे निघाला. तिथे धाकट्या सुनेला बाळ व्हायचे होते. माईंना उठा म्हणायचे कोणालाही सुचले नाही. यंत्रवाला पडद्याबाहेर येऊन खाटेपाशी उभा राहिला.

बऱ्याच वेळाने चादर हलली. माई उठून बसल्या. परक्या घरचा मुक्काम आटोपल्यावर घालावी तशी त्यांनी चादरीची घडी घातली, टोकाला टोक जुळवून, आणि उशीवर पडलेला डोक्याचा खळगा तळहाताने हलकेच सपाट केला.