हळूबाईने उचललेला फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे आणि मला माझ्याच घंटीची भीती वाटते.

कारखान्यात तयार झालो तेव्हा तसं नव्हतं. तपासणाऱ्या कामगाराने माझ्यात पहिलं "हॅलो" म्हटलं, पलीकडून कुणीतरी हसलं, आणि बोलणं म्हणजे आनंदाचीच गोष्ट असा माझा समज झाला. पण मला आणून ठेवलं ते गरिबांना फुकट कायद्याची मदत देणाऱ्या एका केंद्रात. एक खोली, दोन टेबलं, फायलींनी वाकलेलं कपाट. आनंदाची बातमी सांगायला इथे कुणी फोन करत नाही. कुणाला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं असतं, कुणाचा मुलगा कोठडीत असतो. वर्षानुवर्षं ते कापरे आवाज माझ्यातून गेले आणि माझ्यातच मुरले.

दर उन्हाळ्यात कायद्याचे विद्यार्थी इथे काम शिकायला येतात. यंदा आलेली मुलगी इतकी हळू बोलायची की केंद्राच्या वकीलबाईंनी तिचं नाव हळूबाई ठेवलं. मी वाजलो की ती दचकायची आणि दुसरं कुणी उचलतंय का ते बघायची.

एका दुपारी वकीलबाई कोर्टात गेल्या होत्या. हळूबाई एकटीच होती, आणि मी वाजलो. तिने बराच वेळ माझ्याकडे नुसतं पाहिलं, मग उचललं.

"मॅडम, ते आलेत," पलीकडून कुजबुज आली. कपडे शिवून पोट भरणाऱ्या मावशी होत्या त्या. घरमालकाला त्यांची खोली रिकामी हवी होती. पुढच्या तारखेपर्यंत त्यांना काढू नये, असा कोर्टाचा हुकूम झाला होता. त्यासाठीचा अर्ज हळूबाईनेच वकीलबाईंच्या हाताखाली तयार केला होता. "माणसं दार ठोकतायत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. काय करू मी?"

मागून धाडधाड आवाज येत होता. हळूबाईने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"मावशी, दार उघडू नका. कशावरही सही करू नका. आणि फोन ठेवू नका."

दुसऱ्या हाताने तिने आपल्या मोबाइलवरून वकीलबाईंना फोन लावला. तो बंद होता. मग पोलिसांना लावून पत्ता सांगितला, पण इतक्या बारीक आवाजात की पलीकडचा वैतागला. "जरा मोठ्यानं बोला."

तेवढ्यात लाकूड तडकलं. मावशी किंचाळल्या नाहीत, नुसत्या धापा टाकत राहिल्या. मला ते किंकाळीहून भयंकर वाटलं.

"मावशी, फोन स्पीकरवर टाका आणि दाराजवळ धरा," हळूबाई म्हणाली आणि उभी राहिली. मग ती घसा ताणून बोलली. "या बाईंना बाहेर काढायला कोर्टाची मनाई आहे. पोलिसांना कळवलंय. मी इथून सगळं ऐकतेय."

ठोकणं थांबलं. एका पुरुषाने विचारलं, "तू कोण? वकील आहेस का?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही. मी अजून शिकतेय. पण हुकूम खरा आहे."

कुणीतरी हसलं. काहीतरी जोरात आपटलं आणि लाइन तुटली.

हळूबाईने पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. फोन लागेना. शेवटी तिने मला जागेवर ठेवलं, कारण मावशींनी परत फोन केला तर लाइन मोकळी हवी होती. मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. तशी शांतता मी कधी सोसली नव्हती.

मी वाजलो. तिचा हात पुढे होईना. उचल गं, असं ओरडावंसं वाटत होतं, पण मला फक्त वाजता येतं. अखेर तिने उचललं.

"पोलीस आलेत," मावशी म्हणाल्या. "दाराची फळी गेली. फोन पडला हो हातातून. पण आम्ही आतच आहोत."

हळूबाई रडू लागली. मावशीच तिची समजूत घालत राहिल्या. "अगं, आम्ही आत आहोत. ऐकतेस ना?"

संध्याकाळी वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"वकील नाही, हे सांगितलंस?"

"हो."

"मग बरोबर केलंस. उद्या त्या मोडक्या दाराचे फोटो कोर्टात देऊ."

उन्हाळा संपला. हळूबाई कॉलेजात परत गेली. मावशी अजून त्याच खोलीत आहेत, पुढच्या तारखेकडे डोळे लावून. वकीलबाई आता एकट्याच आहेत. त्या कोर्टात गेल्या की खोलीला कुलूप लागतं. मग मी वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. पलीकडे कोण होतं, ते मला कधीच कळत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, माझी वायर बदला, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यापैकी जे कुणी मोठेपणी कायदा शिकतील, त्यांनी एखादा उन्हाळा माझ्याजवळ येऊन बसावं. भीती वाटेल. वाटू द्या. फोन मात्र उचला.