काचपेटीचे मदतपान गोड बोलत नाही

मी एक जुने मदतपान आहे, आणि मला गोड बोलायला सांगू नका. मित्रांनो, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी काचपेटी असते ना, तिच्या पडद्यावर प्रश्नचिन्हाचे बटण असते. पेटी बिघडली की ते दाबायचे. मग मी उघडते.

मला एका लेखिकाबाईंनी लिहिले. एक वाक्य झाले की त्या थोरल्या भावाच्या हातात काठोकाठ भरलेला पेला देत. "दादा, आता हे वाच आणि तसं कर." पाणी सांडले की वाक्य गोंधळात पाडणारे, म्हणून बाद! भाऊ बिचारा रोज भिजे, पण माझ्यात एकही फालतू शब्द उरला नाही. सिस्टर मंडळी मला खडूस म्हणत आणि माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

मग पेटी बनवणाऱ्या कंपनीत नवे साहेब आले. सगळे त्यांना पाठीमागे साखरसाहेब म्हणत. मला वाचून त्यांनी नाक मुरडले. "किती कोरडं! जरा दोस्ती करा की वाचणाऱ्याशी."

"साहेब, हे पान वाचणारा माणूस घाबरलेला असतो," बाई म्हणाल्या.

पण ऐकतो कोण! माझ्या डोक्यावर हसरे चेहरे येऊन बसले. खाली थट्टामस्करी. माझी कामाची वाक्ये पार तळाशी ढकलली गेली. मला भयंकर संताप आला. हा पोरखेळ कोणाच्या जिवावर चालला होता?

एका दुपारी पेटीचा भोंगा वाजला. आतली ऊब उतरत होती. सिस्टरांचे दोन्ही हात पेटीत, बाळाच्या नाकावरची नळी सांभाळण्यात अडकलेले. शेजारी बाळाची आत्या उभी होती.

"आत्या, ते प्रश्नाचं बटण दाबा. काय लिहिलंय, वाचा!"

"'अगंबाई, पेटी रुसली वाटतं! चल, तिची समजूत काढूया...'"

"पुढे!"

"'आधी एक मोठ्ठा श्वास घे...' अहो सिस्टर, लेकराचे पाय गार पडलेत आणि हिला गंमत सुचतेय?"

"खाली जा! अगदी खाली!"

तिथे मी होते, जसेच्या तसे. 'मागची झडप दाबा. खट् आवाज येईपर्यंत दाबा.' आत्याने दाबली. खट्! हळूहळू पडद्यावरचा उबेचा आकडा चढू लागला.

सिस्टरांनी त्याच संध्याकाळी थेट साखरसाहेबांना फोन लावला. "पेटी रुसली नव्हती, साहेब. मी रुसलेय. आमचं पान आम्हाला परत द्या."

बाईंनी मला पुन्हा पहिल्यासारखे केले. साहेब अजूनही दर बैठकीत विचारतात, "निदान एक हसरा चेहरा?" नाही म्हणजे नाही!

मित्रांनो, थट्टा मलाही आवडते, पण वेळकाळ पाहून. तुम्ही कोणासाठी सूचना लिहाल, तेव्हा तो ती कोणत्या घडीला वाचणार आहे याचा आधी विचार करा. त्याचे मन जिंकायला जाऊ नका. त्याचे काम होऊ द्या.

ते बाळ बरे होऊन आत्याच्या खांद्यावरून घरी गेले, तेव्हा माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. सगळे बाळाकडे पाहत होते. मला याहून मोठा मान नको.