काढलेलं आणि बसवलेलं

काढलं: गवत कापायचं पातं.
बसवलं: काही नाही.

ट्रॅक्टर वडगाव रासाईत आला तो टेम्पोत बसून. दौंडला एका जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं होतं, त्यात हौसरावांनी तो उचलला. साहेबाच्या बागेतला विलायती ट्रॅक्टर. रेडकाएवढा, बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतील असा. कुणी म्हणे चाळीस वर्षांचा आहे, कुणी म्हणे साठ. पोटाखाली गवत कापायचं गोल पातं होतं.

"गवत कापून मंग काय करायचं?" तुळजाबाईने टेम्पोवाल्याला विचारलं.

"टाकून द्यायचं."

"आन् म्हशी?"

"साहेबाकडं म्हशी नव्हत्या, मावशी."

तुळजाबाईला साहेबाची कीव आली.

पण ट्रॅक्टर तिला आवडला. घराच्या मागे स्वयंपाकघराची भिंत, विहीर आणि शेजाऱ्याचा दगडी बांध यांच्या मधे तिचं सहा गुंठ्यांचं परस होतं. तिथं बैलजोडी वळत नव्हती, मोठा ट्रॅक्टर शिरत नव्हता. लग्न होऊन आल्यापासून ती ते कुदळीनं खणत आली होती आणि मेथी, लसूण, कोथिंबीर काढून शिरूरच्या बाजारात नेत होती. आता कुदळ उचलली की कुदळ वर जायची आणि कंबर खालीच राहायची. म्हणून हौसरावांनी, तिच्या नवऱ्याने, शब्द दिला होता, "हे बारकं जनावर तुझ्या परसासाठी. दसऱ्याच्या आत तुझी मेथी पडली न्हाई तर नाव बदलीन."

शिरूरहून सिद्दीक मिस्त्री वेल्डिंगचं मशीन घेऊन आला. वेल्डिंगला पुरेल अशी वीज फक्त विहिरीच्या मोटारीच्या पेटीत होती, म्हणून ट्रॅक्टर परसातच नेला. सिद्दीकने पातं सोडवलं आणि मागे लावायला तीन फणांचं बारकं कोळपं घडवलं. त्याची एक सवय होती. जे सोडवील त्याचे नट तो परत त्याच्याच बोल्टांवर फिरवून ठेवायचा.

"येकटा नट कुनाच्या घरात ऱ्हात न्हाई, वैनी," तो म्हणायचा.

पात्याचं झाकण तुळजाबाईने कोंबडीच्या पिलांवर पालथं घातलं. कोळपं भिंतीला टेकवून ठेवलं. उद्या लावू, सिद्दीक म्हणाला.

काढलं: बसायची जागा.
बसवलं: एस्टीचं बाकडं, भंगारातलं, तीन माणसांचं.

उद्या सोपानराव आले.

त्या उन्हाळ्यात सोसायटीची निवडणूक झाली होती. हौसराव पडले, सोपानराव चेअरमन झाले. तेव्हापासून हौसरावांच्या ओट्यावर चहाला कुणी येत नव्हतं. माणूस पडला तरी चालतं, पण कपबश्या पडून राहिल्या की घर खायला उठतं. ट्रॅक्टर आला आणि लोक परत येऊ लागले. बघायला. बघायला आलेल्याला चहा द्यावाच लागतो.

सोपानरावांनी ट्रॅक्टरला एक चक्कर मारली, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "झ्याक हाय, हौसराव. पन चेअरमन बसला तर डायरेक्टरांनी कुठं बसायचं?"

लोक हसले. हौसराव हसले नाहीत. त्यांनी सिद्दीककडे बघितलं.

"बाकडं बसंल का?"

"बसंल की आबा. तुमी सांगा, मी जोडतो."

लोखंडी खोलगट बैठक तुळजाबाईने चुलीपुढं नेली. भाजी निवडायला पाट म्हणून बरी होती. पाटापेक्षा बरी, खरं तर. साहेबाच्या बुडाचा आकार तिला बरोबर बसला.

काढलं: दोन बारके दिवे, हँडल, पुढची चाकं, मागची चाकं.
बसवलं: ट्रकचे सहा दिवे, ट्रकचंच हँडल, मळणीयंत्राची चाकं, पुढं माती उचलायची लोखंडी सुपली.

कारण सोपानराव रोज येत आणि रोज एकच वाक्य टाकून जात.

"रातच्याला कसं दिसनार?"

"चाकं लै बारकी. कुत्र्यानं पाय वर केला तर भिजून निघंल."

"पुढं काय न्हाई का? नाकाबिगर मानूस वाटतंय."

प्रत्येक वाक्याला सिद्दीक एक जोड बसवी. प्रत्येक जोडापायी एक मूळची वस्तू सुटे, आणि सुटलेली वस्तू तुळजाबाई घरात नेई. टाकून द्यायचं म्हणजे काय, हे साहेबाला कळायचं तसं तिला कळत नव्हतं. हँडल खुंटीला लागलं, त्यात लसणाच्या माळा अडकल्या. पुढच्या दोन चाकांवर पाण्याचा पिंप ठेवला. मागच्या चाकांत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

"सिद्दीकभाऊ, माझं कोळपं?" ती विचारी.

"हे येवढं झालं की लगेच, वैनी."

काढलं: इंजिन.
बसवलं: इंजिन.

"आवाज बारीक हाय," सोपानराव म्हणाले. "म्हंजी शिंकल्यावानी."

विहिरीवरचं जुनं काळं डिझेल इंजिन मूळच्या सांगाड्याला पेलेना, म्हणून खाली ट्रॉलीचा सांगाडा आला, मूळचा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि इंजिन वर चढलं. साहेबाचं पेट्रोलचं इंजिन तुळजाबाईने जुन्या लुगड्यात तान्ह्या बाळासारखं गुंडाळलं आणि खाटेखाली ठेवलं. हळू ठेवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

काढलं: आषाढ आणि श्रावण.
बसवलं: भादवा.

वीज नव्हती, सिद्दीक आला नाही, ट्रॅक्टर परसात भिजला. त्याच्याखाली गवत वाढलं. कापायला पातं नव्हतं.

काढलं: काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.
बसवलं: पिठाची गिरणी, मागच्या बाजूला.

मागची बाजू म्हणजे कोळप्याची जागा. तुळजाबाई दारात उभी राहून बघत होती.

"अवो, तिथं माझं कोळपं बसायचं हुतं."

"गिरनी महत्त्वाची," हौसराव बाकड्यावरून म्हणाले. आता ते बहुतेक वेळ बाकड्यावरच असत. "वावरात जायाचं, काम करायचं, तिथंच दळायचं, तिथंच खायाचं."

"वावरात जानार कसं? ब्रेक कुठंय?"

हौसरावांनी सिद्दीककडे बघितलं. सिद्दीकने आभाळाकडे बघितलं. ब्रेक जुन्या चाकांबरोबर घरात गेला होता.

गिरणी सुरू केली तेव्हा एक गोष्ट झाली. यंत्र थरथरायला लागलं आणि थरथरता थरथरता मागे चालायला लागलं, विहिरीच्या दिशेनं, अगदी सावकाश, म्हातारं माणूस उठून परसाकडे निघावं तसं. हौसराव हँडल फिरवत होते. हँडल कशालाच जोडलेलं नव्हतं. सिद्दीकने चाकामागे दगड लावले, ते चिरडून यंत्र पुढे, म्हणजे मागे. शेवटी म्हशीचा साखळदंड आणून ते कडुनिंबाला बांधलं. पीठ पडलं ते अर्धी पाटी. भाकरीला डिझेलचा वास आला. म्हशीनेही तोंड फिरवलं.

"पन बांधलेला बरा दिसतोय," सोपानराव म्हणाले. "घरचा वाटतोय. फकस्त गावाला कळत न्हाई चालू हाय का बंद."

बसवलं: भोंगा.

लग्नाच्या मांडवावर लावतात तसला कर्णा. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या गावानेही ऐकलं:

"तुळजे! च्या!"

"आलं," ती चुलीपुढून म्हणाली. तिचं कुणाला ऐकू गेलं नाही.

"तुळजे! आलं टाक त्यात!"

त्या दिवशी चहाला अकरा माणसं आली. दोघं होडीतून.

काढायचं ठरलं: स्वयंपाकघराची भिंत.

शिरूरला शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. हौसरावांनी ट्रॅक्टर तिथं न्यायचं ठरवलं. साखळदंड सोडून सहा गडी लावले, ढकलत ढकलत यंत्र परसाच्या वाटेपर्यंत आणलं आणि तिथं सगळे थांबले. आत गेलं होतं ते रेडकू होतं. आता हत्ती होता. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा बांध. उरली भिंत.

"भिंत पाडा," सोपानराव म्हणाले.

"भिंत काढा," हौसराव म्हणाले.

तुळजाबाईच्या हातात उलथनं होतं.

"तुमी काढलेलं परत कवा बसवलंय?" तिने विचारलं. "पातं काढलं, चाकं काढली, माझी मेथी काढली. आता चूल उघड्यावर येनार. आन् मंग सोपानराव म्हनतील, चूल हाय, पन छप्पर जास्त हाय."

सोपानरावांनी हे विचारात घेतल्यासारखं छपराकडे बघितलं.

हौसराव बाकड्यावर चढले. भोंगा सुरू झाला. "भिंत पडल्याशिवाय मी खाली उतरनार न्हाई! हे माझं जाहीर सांगनं हाय!"

नदीपलीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

गडी यंत्र पुन्हा परसाच्या मधोमध ढकलून, कडुनिंबाला बांधून जेवायला गेले. तुळजाबाई आत आली. भिंत उद्या पाडायची तर स्वयंपाकघर रिकामं करायला हवं होतं. दसरा तोंडावर आला होता, परसात हत्ती उभा होता, आणि वर नवरा. तिने लसणाच्या माळा काढल्या. मागे हँडल दिसलं. पिंप हलवला. खाली चाकं. कोंबड्या हुसकल्या. आणखी चाकं. खाटेखालचं लुगडं ओढलं. मग दमून ती पाटावर बसली, आणि पाट म्हणजे बैठक होती.

पाय एका चाकाला टेकले होते. मग तिने दारातून सिद्दीकला हाक मारली.

"सिद्दीकभाऊ, जरा आत या. ट्रॅक्टर तर घरात हाय."

सिद्दीक उंबऱ्यात उभा राहिला. त्याने मोजल्यासारखी मान फिरवली. खुंटी, चूल, खाट, कोपरा.

"व्हय की," तो म्हणाला. "मंग परसात काय हुभं हाय?"

"ते त्यांना इचारा. तुमी हे जोडा."

"आबांनी सांगाय पायजे, वैनी. मी त्यांनी सांगितल्यावर जोडतो."

तुळजाबाई दारात गेली. "अवो! सिद्दीकभाऊ म्हनत्यात, आजून येक जोडू का?"

भोंगा क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "जोड!"

बसवलं: जे जे काढलं होतं ते.

प्रत्येक नट आपल्या बोल्टावर बसून वाट बघत होता, त्यामुळे संध्याकाळ व्हायच्या आत दाराबाहेर जोडून झालं. फक्त पातं लावलं नाही, त्याचं झाकण पिलांकडेच राहिलं. मागे रिकाम्या जागी तीन फणांचं कोळपं चढलं. सिद्दीकने पेट्रोलची नळी फुंकली, दोरी ओढली. एकदा, दोनदा. ट्रॅक्टर शिंकला. मग शिंकतच राहिला.

तुळजाबाई बसली. गुडघे हनुवटीला लागले नाहीत. ती साहेबाएवढी उंच नव्हती. सिद्दीक पुढं चालत शिकवत होता, "डावीकडं, वैनी, डावी म्हंजी घड्याळाच्या हाताची," आणि मग तोही बाजूला झाला. भिंतीपासून विहिरीपर्यंत. विहिरीपाशी ट्रॅक्टर वळला, रेडकूही वळलं नसतं तसा. माती उलटत गेली. गवत कोळप्यात गुंतलं की ती उतरून हातानं काढी आणि म्हशीला टाकी.

मोठं यंत्र मधे उभंच होतं. तिने त्याच्या चाकांना खेटून फेऱ्या घातल्या.

सोपानराव चहाला आले ते बांधावरच थांबले.

"हौसराव," ते ओरडले, "तुमचा ट्रॅक्टर तुमच्या ट्रॅक्टरभोवती फिरतोय."

भोंग्यातून नुसताच श्वास ऐकू आला.

सोपानरावांनी छोट्या ट्रॅक्टरकडे डोळे बारीक करून बघितलं. तोंड उघडलं. तुळजाबाईने त्यांच्या समोरून जाताना कोळपं खाली टाकलं, त्यांच्या धोतरावर बरीच माती उडाली, आणि त्यांचं वाक्य राहून गेलं.

सकाळी तिने वाफे पाडले, मेथी फोकली, पाणी सोडलं. हौसराव वर होते. भिंत पडली नव्हती, म्हणून ते उतरले नव्हते. आता चारी बाजूंनी ओली मेथी होती, म्हणून उतरता येत नव्हतं.

"तुळजे! च्या!"

तिने कप सुपलीत ठेवला. हौसरावांनी दांडा ओढला. सुपली कुरकुरत वर गेली. निम्मा चहा पोचला. त्या यंत्राने केलेलं ते पहिलं उपयोगाचं काम.

काढलं: भोंग्याची वायर.

ती हौसरावांनी स्वतःच काढली, मेथीला दोन दोन पानं फुटल्यावर. भोंग्याशिवाय त्यांचा आवाज फार लहान होता.

"तुळजे. उतरू का?"

"उतरा की. कवाची वाट ठेवलीय."

खरंच होती. वाफ्यांच्या मधून पाऊलभर रुंद, सरळ दारापर्यंत. वरून त्यांना ती कधीच दिसली नव्हती. मधे सहा दिवे येत होते.

ते एकेक पाऊल टाकत आले. हात मागे बांधलेले. विहिरीकडचा लसणाचा तुकडा अजून ओढायचा होता, आणि तुळजाबाई त्यासाठी ट्रॅक्टरवर बसली होती. हौसराव बाजूला उभे राहून बघत राहिले. तिने एक फेरी घातली. दुसरी घातली. ते तिथंच.

"भिंत न्हाई पाडत," ते म्हणाले.

"बरं."

"मलाबी येक फेरी दिऊन बघ की."

तिने त्यांच्या हातांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. रिकामे होते. ती उतरली.

हौसराव बसले. गुडघे हनुवटीला लागले. विहिरीपर्यंत गेले, वळले, परत आले. रांग जरा वाकडी झाली, पण लसणाला चाललं असतं. त्यांच्या तोंडावर असं काही होतं, जे निवडणुकीपासून तिने बघितलं नव्हतं. तिच्यापाशी येऊन त्यांनी ट्रॅक्टर थांबवला, त्याच्या मानेवरून हात फिरवला.

"झ्याक हाय, तुळजे. लै झ्याक. फकस्त ह्याला पुढं जर येक बारकं—"

"उतरा," तुळजाबाई म्हणाली.