आत्याचा राजपुत्र

माझी आत्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. त्यामुळे खरं काय आणि खोटं काय हे ठरवायचा अधिकार आमच्या घरात आपोआप तिच्याकडे गेलाय. माझी राजघराण्याची आणि जादूची कादंबरी तिने दोन बोटांच्या चिमटीत उचलली, जणू तिच्यावर कुणाचा तरी नमुना सांडला होता.

"वाटीत रक्ताचा थेंब टाकला आणि ही राजकन्या ठरली? मग आम्ही तिथे माशा मारतो का?" असं म्हणत तिने पुढचं पान उलटलं. मूर्खपणा कुठवर जातो हे बघायला नको? ते बघायला ती पुस्तक कामावरही घेऊन गेली. चार दिवस मला त्याचं दर्शन नाही.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत धडकले. डबा उघडलाही नव्हता आणि आत्या सूक्ष्मदर्शकाला पुस्तक टेकवून वाचत होती.

"आत्या, माझं पुस्तक दे."

"थांब गं, चुका काढतेय."

"कशाला त्रास घेतेस? शेवटी राजपुत्र मरतो."

आत्याने चष्मा काढला. माझ्यावर कधी आवाजही न चढवणारी ती बाई म्हणाली, "चालती हो इथून."

संध्याकाळी तिचा फोन आला.

"खोटारडे! जिवंत आहे तो!" विज्ञान चक्क रडत होतं. मग नाक ओढत ती म्हणाली, "दुसरा भाग आहे म्हणे. उद्या आण. आणि तोंड बंद ठेवून आण."