आदेश निघायच्या आधी

सेफ्टी पिन कानामागे टोचत होती, मास्कची तुटलेली दोरी जिथे टाचली होती नेमकी तिथे... ती नीट लावायलाही भावना दारातून हलली नाही. वॉर्डातली ड्यूटी संपवून ती थेट बीरगांवला घरी आली, तर अंगणात मंडप, खुर्चीला खुर्ची चिकटलेली – धाकट्या बहिणीचं, दीक्षाचं साक्षगंध आज, साखरपुडा. आणि डोळ्यांपुढून हटत नव्हता तो दवाखान्याचा व्हरांडा : खाटा भरल्या म्हणून बाकावर बसवलेली माणसं, धाप लागलेली, एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेली...

"काहून उभी हायस दारात? पाहुणे येऊन राहिले," बाबा म्हणाले.

"दोन्हीकडची घरचीच माणसं आत येतील, बाबा. बाकी कोणी नाही. मी नवरदेवाले, यशदीपले फोन केला. त्यायच्या बाकी पाहुण्यायची बस टाटीबंध चौकातून वापस गेली."

नव्या सदऱ्यातले बाबा बघतच राहिले. "सरकारनं बंद केलं का?"

"नाही."

"मंग तू कोण होय? मागच्या साली पाऱ्यात, अख्ख्या वस्तीत एक पेशंट नव्हता, तरी सारं बंद. तुह्या मायले खांदा द्याले चार माणसं भेटले. चार! अन् आता सारं खुलं हाय, तं तू बंद करतंस?"

आई... हृदय थांबलं होतं तिचं, साथीशी काही संबंध नव्हता, आणि मावशी नाक्यावरच अडवली गेली होती – तेव्हा हीच भावना त्या नियमाला शिव्या देत रडली होती. मग आज? आज तोच नियम, कोणी न सांगता, ती आपल्या हातानं आणत होती.

"तवा बंद लवकर केलं, बाबा. आता आदेश निघंन तवा उशीर झाला राहीन."

आतून दीक्षाचा आवाज आला, "दीदी, आज के दिन भी?"

बाबा पाठ फिरवून बसले. भावना खुर्च्या ओढून लांब लांब मांडू लागली. फाटकाशी आलेल्या शेजारणींना तिनं हात जोडले. त्या कुजबुजत परतल्या. उद्या कोणालाच काही झालं नाही तर म्हणतील, उगाच पोरीच्या कार्यात विघ्न आणलं... म्हणू देत. तेच तर हवंय मला – सगळे धडधाकट राहोत आणि मला जन्मभर नावं ठेवोत. मनातल्या आईपुढे मात्र, जिच्यासाठी याच नियमाला शिव्या दिल्या तिच्यापुढे, हे कसं मांडायचं ते तिला कळेना, आणि तरी, कितीतरी महिन्यांनी, तिला आईची आठवण न रडता येत होती.