बनूबाईंची पाच पानं

पहिलं पान.
पालेगावात, नव्या टॉवरमागच्या बैठ्या घरात बनूबाई रोज चहाआधी अंगणातल्या तुळशीची पाच पानं खुडतात. एक देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला, चार स्वतःच्या तोंडात. न धुता. तुळस धुवायची म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं साधी सर्दी नाही.

दुसरं पान.
टॉवरच्या बागेसाठी कुंड्या आल्या. कुंड्यांच्या मातीतून बिनशंखाच्या गोगलगायी आल्या, काळ्या, बोटभर. भिंत ओलांडून तुळशीवर चढल्या. त्यांची पिल्लं तिळाएवढी. पानामागे बसली की चष्मा लावूनही दिसत नाहीत.
सून स्वप्नाली अंबरनाथला लॅबमध्ये काम करते. तिने जेवताना सांगून टाकलं: उंदराच्या लेंडीतून बारीक जंत गोगलगायीत जातो, ती कच्ची पोटात गेली की माणसात, आणि तिथून मेंदूकडे. मुलगा हरेश याचा घास हातातच राहिला. बनूबाईंनी कालवण वाढून घेतलं. म्हणाल्या, माझ्या डोक्यात चार पोरं, सात नातवंडं आणि सगळ्या गावाची भांडणं आहेत, जंताला जागा कुठे?

तिसरं पान.
धुऊन खा: नाही. चहात उकळा: चव जाते. मी खुडून देते: मी काय आजारी आहे? रोज सकाळी स्वप्नाली खिडकीतून बघत राहिली. आज बहुतेक पिल्लू नाही गेलं पोटात. आजही नाही. उद्या?

चौथं पान.
(गोगलगायीने खाल्लं.)

म्हणजे अर्धंच. उरलेल्यावर चकाकती रेघ. स्वप्नाली अंगणात आली. या वेळी तिने मेंदूचं नाव काढलं नाही.
"आई, हे देवाला वाहणार?"
"मग कोनाला?"
"गोगलगायीने चाटलंय. उष्टं आहे ते."
बनूबाईंचा हात थांबला.
"कदीपासून गो?"
"कुंड्या आल्या तेव्हापासून."
बनूबाई पायरीवर बसल्या. "म्हैनाभर उष्टं वाहिलं देवाला. आनि तू मना उंदीर सांगत बसलीस."

पाचवं पान.
आता त्या रबरी मोजे घालून, चिमटा घेऊन अंगणात उतरतात. एकेक गोगलगाय मिठाच्या पाण्यात. माहेर मिठागरवाल्यांचं, मिठाला काय तोटा! बाळकृष्णाला गच्चीवरच्या कुंडीत नव्याने लावलेल्या तुळशीचं पान, तेही नळाखाली दोनदा चोळून. स्वतःला चहातलं, खळखळ उकळलेलं. टॉवरमधल्या बायकांनाही कोथिंबीर धुता की नाही, म्हणून विचारून आल्या.
काल हरेशने सवयीने अंगणातलं पान खुडून तोंडाकडे नेलं. बनूबाईंनी ते चिमट्यात वरच्यावर पकडलं.
"उष्टं खायला तू काय गोगलगायीचा नवरा?"