शर्यतीची दोरी

पहिल्या फेरीला लॉरा सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत, मैदानाच्या पलीकडच्या कडेला ती थांबली, बाजूला झाली आणि सरळ मातीत बसली.

प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या आईने, सेलेस्टिनने, मान उंचावली. लेकीला टाईप वन डायबेटिस निघाला तेव्हापासून तिने लॉराच्या धावण्याला कुलूपच लावलं होतं. पीटीच्या तासाला बाकावर, नाताळच्या खेळांना बाकावर. पोरगी इतकी विटली, की शेवटी तिने डॉक्टरीणबाईंकडूनच वदवून घेतलं, "धावू द्या हो तिला. आधी शुगर तपासा, खायला घाला, खिशात गोड ठेवा." उत्तनच्या कोळणीची जीभ बाजारात कोणापुढे अडत नाही, पण डॉक्टरीणबाईंपुढे सेलेस्टिनने मान डोलावली.

आज सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. तपासलं, केळं दिलं. मग माशी शिंकली कुठे?

लॉराने खिशातली ग्लुकोजची पुडी फोडून तोंडात रिकामी केली. ते पाहून सेलेस्टिनची नणंद जोआन ताडकन उठली.

"अगो, शुगरच्या पोरीला साखर? काढून घे तिच्याकडनं."

सेलेस्टिनने तिचा दंड धरला. "बस खाली. शुगर उतरलीय तिची. आता गोड हेच औषध हाय."

"मग तू तरी जा ना."

"पीटीचे ट्रेव्हर सर हायेत जवळ. आणि तिला समजतं सगळं."

असं ठणकावून सांगितलं खरं, पण पाय मैदानाकडे ओढत होते. तिने तोंडावर पदर धरला आणि हाताला बोंबलांचा वास आला. तशी तिच्या डोक्यात ट्यूब पेटली. पहाटेपासून मायलेकी किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होत्या. पाट्या वाहिल्या लॉराने, टाचा उंचावून वरच्या दोऱ्या भरल्या लॉराने. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, मुलगी व्यायाम काय करते? "काय पण न्हाय," असं सेलेस्टिन छातीठोकपणे बोलली होती. घरच्या कामाला व्यायाम कोण म्हणतं? पण शुगर त्यानेही उतरतेच. खेळायला बंदी आणि राबायला मोकळीक. वा गं आई, तिने स्वतःलाच सुनावलं.

शर्यत संपली, पदकं वाटली, माणसं पांगायला लागली. ट्रेव्हर सरांनी लॉराला बिस्किटं दिली, थांबून पुन्हा तपासलं. मग पलीकडून हाक आली.

"मम्मी, शुगर वर आलीय. राहिलेलं पुरं करू?"

मैदानावर कोण कोण बघतंय, हे सेलेस्टिनने पाहिलंच नाही. "कर. पण सावकाश."

एक माणूस शेवटच्या रेषेवरची दोरी गुंडाळायला आला होता. सेलेस्टिनने ती त्याच्या हातातून घेतली आणि एक टोक नणंदेकडे दिलं.

"शर्यत संपली ना गो?" जोआन म्हणाली.

"हिची न्हाय संपली. धर."

लॉरा आली. सावकाश धावत, बाजूला सर, कपाळाला केस चिकटलेले. दोरी छातीला लागली तशी जोआनने टोक सोडलं आणि कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या.

"मम्मी," लॉरा धापा टाकत म्हणाली, "पुढच्या वर्षी शर्यतीच्या दिवशी बोंबील तू एकटी घाल."

"घालीन," सेलेस्टिन म्हणाली, आणि जाळ्याची दोरी गुंडाळतात तशी पंजा ते कोपर, पंजा ते कोपर, ती दोरी नीट गुंडाळू लागली.